धरणीच्या तळघरातली भट्टी

फार फार पूर्वी, पणजोबांच्या पणजोबांचाही पत्ता नव्हता तेव्हा, आकाशवाडी नावाचं एक गाव होतं. घरं मोजून आठ, आणि मधोमध बसलेले सूर्यआबा. आबा म्हणजे गावातले सगळ्यात थोर. आठही घरांना ऊब आणि उजेड तेच पुरवायचे, आणि बदल्यात कुणाकडून कधी काही मागायचे नाहीत. मनाने अगदी लोणी. पण अंगात आग, आणि खोड एकच. आबांना शिंका यायच्या.

हसू नका. त्या तुमच्या-माझ्यासारख्या शिंका नव्हत्या. आबा नुसता श्वास सोडत तरी बारीक ठिणग्यांचा वारा गावभर सुटायचा. तो रोजचाच. पण शिंकले, की ठिणग्यांची वावटळ उठायची आणि वाटेत येईल ते करपून जायचं. आबांनाच त्याचं वाईट वाटे. "अरे, माझ्या हातात असतं तर आवरलं नसतं का?" असं म्हणायचे, आणि म्हणता म्हणता पुन्हा शिंकायचे.

म्हणून धरणी आणि मंगळ या दोन शेजाऱ्यांना घरं देताना आबांनी दोन वस्तू जोडीला दिल्या होत्या. अंगावर घ्यायला हवेची गोधडी, आणि तळघरात वितळलेल्या लोखंडाची भट्टी.

"भट्टी निवू देऊ नका," आबांनी बजावलं होतं. "आतलं लोखंड ताकासारखं घुसळत राहिलं, की घराभोवती एक कुंपण उभं राहतं. ते दिसायचं नाही, हाताला लागायचं नाही. पण माझ्या ठिणग्यांना बरोबर कळतं. त्या वळसा घालून निघून जातात. कुंपण आहे तोवर गोधडी टिकेल. गोधडी आहे तोवर पाणी टिकेल. आणि पाणी आहे तोवर पोरंबाळं. कळलं?"

"कळलं, आबा," दोघंही म्हणाले. म्हणायला काय जातंय!

धरणीला एक लेक होती. तिचं नाव शेवाळी. एवढीशी, हिरवी, बुळबुळीत आणि बोलायला लागली की थांबेल तर शपथ. ती पाण्यात राहायची. काठावर यायची तिला सक्त बंदी होती. कारण आबांच्या उजेडात डोळ्यांना न दिसणाऱ्या सुया असत. त्या सुया उजेडाच्याच, ठिणग्यांच्या नव्हेत, त्यामुळे कुंपण त्यांना अडवत नसे. शेवाळीसारख्या कोवळ्या जिवाला त्यांचा मारा सोसला नसता. पाण्याच्या आड राहिली तरच ती जगणार होती.

"आई, काठावर जाऊ?"

"नाही."

"एकच पाऊल टाकते."

"तुला पाय कुठे आहेत गं?"

"मग मी इथे करू तरी काय?"

"श्वास घे, श्वास सोड. बुडबुडे काढ."

"त्यात काय मोठं?"

"काढ म्हटलं ना!"

शेवाळी फुरंगटून बुडबुडे काढायची. एक, दोन, हजार, लाख. धरणी एकही वाया जाऊ द्यायची नाही. सगळे आपल्या गोधडीत टिपून घ्यायची आणि उंच, वरच्या बाजूला सरकवून ठेवायची. त्यांचं काय होणार हे तिलाही ठाऊक नव्हतं. पण लेकीच्या हातचं काही टाकवत नाही, आईचं असंच असतं.

शेजारी मंगळ राहायचा. लालबुंद, देखणा, घर धरणीच्या निम्मं आणि तोरा दुप्पट. लहान घर लवकर निवतं, तेव्हा त्याने तर भट्टीला जास्तच जपायला हवं होतं. पण आकाशवाडीत तेव्हा एक बातमी फुटली आणि मंगळाचं डोकं फिरलं. जत्रेच्या दिवशी सूर्यआबा मानाचा फेटा देणार होते. हिरव्या-तांबड्या रंगाचा, झळझळणारा, ज्या घराचा अख्ख्या गावाला अभिमान वाटेल त्या घराला.

झालं. मंगळाने तळघरातली आग ओढून वर आणायला सुरुवात केली. ती ओतायची, थापायची, वर पुन्हा ओतायची. असं करत करत त्याने एक डोंगर उभा केला. आठ घरांत तेवढा उंच डोंगर नाही. आजही नाही, हे मात्र कबूल करायला हवं.

"पाहिलात का, धरणीताई?" मंगळ कमरेवर हात ठेवून म्हणाला. "याला म्हणतात काम. तुमच्याकडे दाखवायला काय आहे? डबकं आणि शेवाळ!"

"भाऊ, तुमच्या भट्टीत आता किती उरलंय?"

"असेल थोडी धुगधुगी. तळघरात कोण डोकावतंय? फेटा डोक्यावर बांधतात ताई, तळघरात नाही!"

सगळं गाव हसलं. धरणीचा चेहरा पडला.

खोटं कशाला सांगू? धरणीलाही फेटा हवा होता. का नसावा? तिचं घर मोठं, तिची भट्टी मोठी. तिने मनात आणलं असतं तर मंगळाच्या डोंगराला गुडघ्याएवढा ठरवील असा डोंगर रचला असता. त्या दिवशी ती तळघरात उतरली. भट्टीवरचं झाकण तिने बाजूला केलं, पळी हातात घेतली. लोखंड रटरटत होतं, गरगर घुसळत होतं. एक पळी वर नेली की काय बिघडणार होतं? मग दुसरी, मग तिसरी.

तेवढ्यात वरून हाक आली. "आई गं, कुठे गेलीस? माझे आजचे बुडबुडे घ्यायचे राहिले की!"

धरणीचा हात जागच्या जागी थांबला. मी डोंगर रचीन, फेटा मिरवीन, आणि उद्या आबा शिंकले तर? माझी हिरवी पोर करपून गेल्यावर तो फेटा काय चाटायचाय? तिने पळी खाली ठेवली, झाकण घट्ट लावलं आणि पदराने घाम पुसत वर आली.

"मला नको डोंगर," ती मंगळाला म्हणाली.

"मग बसा शेवाळ सांभाळत!" तो म्हणाला.

आणि जत्रेचा दिवस उजाडला. सूर्यआबा फेटा हातात घेऊन बसले. मंगळ पहिल्या रांगेत, मान ताठ, डोकं आधीच विंचरून तयार. आबांनी तोंड उघडलं, "तर मंडळी, यंदाचा मान..." आणि त्यांचं नाक वळवळलं.

"आ... आ..."

"आबा, नको!" सगळे ओरडले.

पण शिंक कुणाचं ऐकते? अशी शिंक आकाशवाडीने कधी ऐकली नव्हती. ठिणग्यांची वावटळ गर्जत निघाली.

मंगळाच्या तळघरात लोखंड निवून दगड झालं होतं. ते घुसळणार कसं आणि कुंपण उभं राहणार कसं? वावटळ थेट घरात घुसली. गोधडीची एक शिवण उसवली, मग दुसरी, मग धागा धागा सुटून उडू लागला. मंगळाच्या अंगणातही तळी होती, ओढे होते. काही पाणी उडून गेलं, काही गारठून मातीत गडप झालं.

"ताई!" मंगळ ओरडला. "थोडी आग उसनी द्या हो! परत करीन!"

"भाऊ, भट्टी उसनी देता येत नाही!" धरणी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. शेजारी कितीही तोरेवाला असला तरी शेवटी शेजारीच.

पण रडायलाही वेळ नव्हता. वावटळ आता तिच्या दारात होती. कुंपण समोरून चेपलं, मागच्या बाजूला लांबच लांब ताणलं गेलं, कुरकुरलं. तळघरात लोखंड गरगर घुसळत होतं. कुंपण तुटलं नाही! ठिणग्या त्यावर आदळल्या आणि निमूट वळसा घालून निघून गेल्या. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या टोकाला, जिथे कुंपण जमिनीकडे वाकतं, तिथून काही लबाड ठिणग्या आत शिरल्या. त्यांना हवेच्या गोधडीने वरच्या वर धरलं. धरली गेलेली प्रत्येक ठिणगी हिरवी, नाही तर तांबडी चमकून विझून गेली.

"आई, आग लागली का?" शेवाळी पाण्यातून किंचाळली.

"नाही गं राणी," धरणी म्हणाली. "आपल्या गोधडीने ठिणग्या झेलल्या."

वावटळ ओसरली. धरणीने आधी लेक जागेवर आहे का ते पाहिलं. होती. मग तिने गोधडी तपासायला वर नजर टाकली, आणि बघतच राहिली. गोधडीच्या वरच्या बाजूला एक तलम अस्तर तयार झालं होतं. शेवाळीच्या बुडबुड्यांचं! आबांच्या उजेडातल्या त्याच सुयांनी इतके दिवस ते बुडबुडे टाचून टाचून त्यांचं अस्तर शिवलं होतं, आणि आता तेच अस्तर सुयांना अडवत होतं. ऊब येत होती, उजेड येत होता, सुया मात्र वरच अडकत होत्या. एखाददुसरी चुकार आली असेल, पण जीव घेण्याइतकी नाही.

"शेवाळे," धरणी हळूच म्हणाली, "जा काठावर."

"खरंच?"

"मी म्हणतेय ना."

शेवाळी सरकली. पाण्याची कड ओलांडून ओल्या दगडावर आली. धरणीने श्वास रोखून धरला. एक क्षण गेला, दुसरा गेला. शेवाळी करपली नाही. उलट ती दगडावर पसरली, उन्हात ताणून आळस दिला आणि म्हणाली, "अगंबाई, इथे किती छान आहे!"

इकडे आबा डोळे पुसत भानावर आले होते. त्यांनी आधी मंगळाकडे पाहिलं. डोंगर दिमाखात उभा होता, आणि भोवती उडती लाल धूळ. बडा घर, पोकळ वासा. त्यांनी मान वळवली आणि त्यांना तो हिरवा ठिपका दिसला. कोरड्या जमिनीवर, उघड्या उन्हात, जिवंत.

"हे... माझ्या शिंकेतून हे वाचलं?" आबा पुढे वाकून म्हणाले. "अरे, मी जन्मभर उजेड वाटला. त्या उजेडात असं कुणी उघड्यावर खेळताना मला आज पहिल्यांदा दिसतंय. धरणे, ये पुढे. फेटा तुझा."

धरणी पुढे आली. मान ताठ होती, आणि का नसावी? पण ती म्हणाली, "आबा, मान माझा नाही. तो तळघरातल्या भट्टीचा आहे. या गोधडीचा आहे. आणि अस्तर तर या पोरीच्या श्वासांचं आहे."

"अगं, पण भट्टीला डोकं नाही आणि गोधडीला कपाळ नाही. मग बांधू कुठे?"

धरणी हसली. "कुंपण जिथे जमिनीकडे वाकतं, तिथे. उत्तरेला एक टोक, दक्षिणेला एक. तिथेच कुंपणाची आणि गोधडीची गाठ पडते."

आबांनी तसाच बांधला. तेव्हापासून आबा शिंकले की धरणीच्या दोन्ही टोकांना आकाशात त्या फेट्याचे हिरवे-तांबडे शेले लहरतात. मंगळाकडे वावटळ आली की नासधूस होते. आपल्या घरी मान फडकतो.

हो, आपल्याच घरी! तुम्ही, मी, अंगणातली चिमणी, गोठ्यातली गाय, सगळे त्या बडबड्या शेवाळीचेच नातू-पणतू. आज सकाळी उन्हात उभे राहिलात आणि करपला नाहीत ना? मग पायाखालच्या भट्टीला आणि डोक्यावरच्या गोधडीला एकदा हात जोडा. आणि त्या गोधडीला भोकं पाडू नका म्हणजे झालं.

तात्पर्य: ज्याच्या जिवावर घर उभं असतं ते बहुधा दिसत नाही. दिखाव्यासाठी ते खर्ची घालू नये, आणि मान मिळालाच तर पहिला त्यालाच द्यावा.