तांबडं ठिगळ आणि जुना दोरा

घरोघरी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवत, तेव्हाची ही गोष्ट. एक गोधडी वापरून वापरून पार विरली. ती शिवणारी म्हातारी केव्हाच गेली होती. तिची लेक द्वारका धड उरलेली ठिगळं उसवायला बसली. त्यांचं तिला भिंतीवर लावायला एक चित्र शिवायचं होतं.

बाकीची ठिगळं सहज सुटली. एक तांबडं ठिगळ मात्र आपला दोरा सोडेना.

"हा म्हातारीच्या हातचा आहे," ते म्हणालं. "हा गेला तर माझ्यापाशी तिचं काय राहिलं?"

"आपण दोघंही थकलोय," दोरा म्हणाला. "द्वारका ओढेल आणि फाटशील तू. सोड मला."

ठिगळाने अंग सैल सोडलं. दोरा निघाला आणि द्वारकेच्या बोटांत त्याचा भुगा झाला.

मग ठिगळाने स्वतःकडे पाहिलं. उन्हात वाळून वाळून त्याचा रंग उडाला होता. पण जिथे जिथे दोऱ्याने त्याला झाकलं होतं, तिथे लुगड्याचा मूळचा तांबडा रंग टाक्याटाक्याने तसाच होता.

द्वारकेने सुईत नवा दोरा ओवला. त्या तांबड्या खुणांच्या रांगेवरून एकदा बोट फिरवलं आणि तिथे टाका न घालता ती पुढे शिवत गेली.