केवळाचे हात

नदीच्या वळणावरचं गाव एवढं सांगितलं की वाटसरूला वाट सापडायची, गावाला वेगळं नाव लागायचं नाही, इतक्या जुन्या काळी सगुणा नावाची एक कासारीण होती. डोक्यावर बांगड्यांचा हारा घेऊन ती गावोगाव फिरायची. सण जवळ आला की ती वळणावरच्या गावात यायची, चिंचेखाली घोंगडं अंथरायची आणि बांगड्यांच्या माळा मांडून बसायची. ती आल्याचं कळलं की बायका हातातली कामं तशीच टाकून निघत.

सगुणाच्या हाताला गुण होता. बोटांची पेरं हलकेच चेपून, अंगठा तळहाताकडे दुमडून ती बांगडी अशी सरकवायची की हाताला ओरखडा म्हणून यायचा नाही. शिवाय इतकी वर्षं हात हाताळून तिला हातांची भाषा कळायला लागली होती. कुणी नुकताच ताप काढलाय, कुणाचे घरात खाण्यापिण्याचे हाल आहेत, कुणाला दिवस गेलेत, हे तिला त्या बाईने सांगायच्या आधी कळायचं.

पण तिच्या जिभेला एक खोड होती. हात हातात आला की त्यावर काहीतरी बोलल्याशिवाय तिला राहवायचं नाही. एखादी बारीक असली की सगुणा विचारायची, सासू उपाशी ठेवते की काय. एखादीला अंग धरलं असलं की म्हणायची, घरचं तूप सगळं हिच्याच ताटात पडतं वाटतं. बाकीच्या बायका हसायच्या. जिच्यावर बोललं जायचं तीही हसायची, कारण चारचौघींत दुसरं काय करणार? सगुणाला वाटायचं, आपण लोकांना हसवतो. बांगड्या काय, कुठलीही कासारीण भरते. बायका आपल्याकडे येतात त्या आपल्या बोलण्यासाठी.

त्याच गावात केवळा राहायची. अंगापिंडाने थोराड, दंडाने भरलेली. गावातले पोहे तीच कांडायची. लग्न कुणाच्याही घरचं असो, हळद फोडायला आणि धान्य कांडायला पहिलं बोलावणं केवळाला. दोन बायकांना उचलेना असं मुसळ ती एकटी धरायची आणि कांडता कांडता ओव्या म्हणायची. तिचा नवरा सोनबा शेतावर राबायचा. त्यांना एक मुलगी होती, रंगू, दहा-अकरा वर्षांची.

एका श्रावणात केवळा चिंचेखाली आली आणि घोंगड्यावर बसून तिने हात पुढे केला. सगुणाने सगळ्यात मोठ्या मापाच्या बांगड्या काढल्या. त्याही हाताच्या गोळ्यावर अडकल्या. दोन बांगड्या वाढल्या, म्हणजे फुटल्या, पण बांगडी फुटली असं कासारीण कधी म्हणत नाही.

सगुणा म्हणाली, "केवळे, पुढच्या वेळी तुझ्यासाठी बांगड्या नकोत, गाडीच्या चाकाची लोखंडी धावच आणते."

बायका इतक्या हसल्या की चिंचेवरचे पक्षी उडाले. केवळाही हसली. मात्र तिने दुसरा हात पुढे केला नाही. एका हातात भरल्या तेवढ्या पुरे झाल्या म्हणाली आणि उठून गेली. त्या गोष्टीचा सगुणाने पुन्हा विचारही केला नाही. गावाने मात्र ती गोष्ट धरून ठेवली. पाणवठ्यावर केवळा दिसली की कुणीतरी चाकाचं नाव काढायचं. लग्नघरात जेवायला बसली की वाढणारी विचारायची, आणखी वाढू का, की धाव बसायची नाही?

दिवाळीला सगुणा पुन्हा आली. या वेळी केवळाच्या हातात बांगड्या पहिल्याच प्रयत्नात गेल्या. सगुणाने तिला वर-खाली न्याहाळलं आणि म्हणाली, आता कशी माणसात आलीस. बाकीच्यांनीही माना हलवल्या. केवळा लाजली. तिने हळूच सांगितलं की रात्रीची भाकरी ती खात नाही, नुसतं ताक पिते. ते ऐकून बायकांना तिचं कौतुक वाटलं. दोघी-तिघींनी आपणही तसंच करायचं ठरवलं.

संक्रांतीला केवळा आली तेव्हा तिला ओळखायला सगुणाला क्षणभर थांबावं लागलं. चेहरा लहान झाला होता, गळ्याची हाडं वर आली होती. लुगड्याचा काष्टा तिने दोनदा आवळून घेतला होता. बायका तिच्याभोवती जमल्या. काय खातेस, काय खात नाहीस, कशाचा पाला घेतेस, असं जी ती विचारत होती. पाटलाची सून म्हणाली, तुझ्याकडे बघून आम्हाला लाज वाटते. केवळा चिंचेच्या बुंध्याला टेकून उभी होती. तिची पाळी आली तेव्हा ती घोंगड्यावर बसली आणि तिने हात सगुणाच्या हातात दिला.

हात गरम होता. नखं पिवळट पडली होती. चामडी सैल होऊन हाडावरून सरकत होती, आणि चेपायला हाताचा गोळा उरलाच नव्हता. हा हात बऱ्या माणसाचा नाही, हे सगुणाच्या बोटांना तिथल्या तिथे कळलं. तिची बोटं थबकलीसुद्धा.

केवळा पुढे वाकली आणि फक्त सगुणाला ऐकू जाईल असं म्हणाली, "काकी, आता मी खाते. पण खाल्लेलं पोटात राहत नाही."

आजूबाजूला बायका होत्या. सगळ्या सगुणाच्या तोंडाकडे बघत होत्या, काकी आता काहीतरी बोलणार म्हणून. आणि सगुणा बोलली.

"मग नको राहू देऊस. राहिलं की पुन्हा धाव शोधायला मला लोहाराकडे जावं लागेल."

सगळ्या हसल्या. केवळाने मान खाली घातली. बांगड्या भरून झाल्यावर तिने रिवाजाप्रमाणे कासारणीला वाकून नमस्कार केला, आणि उठताना तिला घोंगड्यावर हात टेकावा लागला. सगुणाने ते पाहिलं. पुढची बाई हात पुढे करून बसलीच होती, म्हणून तिने तिकडे लक्ष दिलं.

त्यानंतर सगुणा नदीपलीकडच्या गावांना गेली. वाटेत एकदा दोनदा तिला त्या गरम हाताची आठवण झाली. परत जाऊन विचारावं असंही मनात आलं. पण चैत्रात जायचंच आहे, तेव्हा विचारू, असं म्हणून तिने ते पुढे ढकललं.

चैत्र यायच्या आधीच सोनबाचा भाऊ तिला शोधत आला. केवळा गेली होती. सवाष्ण बाई गेली की हिरवा चुडा भरून तिला निरोप द्यायचा, तर कासारणीने लगेच यावं, असा निरोप होता.

सगुणा नावेने नदी ओलांडून आली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. अंगणात गाव जमलं होतं. केवळाला हळदकुंकू लावून, नवं लुगडं नेसवून ठेवलं होतं. रंगू आईच्या पायाशी बसली होती. ओट्यावर म्हातारा वैद्य बसला होता. त्याला आठ दिवसांपूर्वीच बोलावलं होतं. तो कुणाला तरी सांगत होता की दुखणं पोटात होतं आणि चांगलं सहा महिने मुरलेलं होतं. अंग उतरायला लागलं तेव्हाच आणलं असतं, तर काहीतरी उपाय करता आला असता. एवढी बाई झिजली तरी कुणाला शंका कशी आली नाही, याचं त्याला नवल वाटत होतं.

सगुणाने हारा उतरवला. सवयीने तिचा हात मोठ्या मापाच्या माळेकडे गेला. ती बांगडी केवळाच्या हातातून सरळ कोपरापर्यंत घसरली. तिने त्याहून लहान माप काढलं, तेही थांबेना. त्याहून लहान काढलं. शेवटी लेकीबाळींसाठी ठेवलेल्या बांगड्यांची माळ तिने सोडली, तेव्हा कुठे त्या मनगटावर राहिल्या. बांगडी भरताना प्रत्येकीला ती सांगायची, हात सैल सोड. आज ते सांगायची गरज नव्हती.

दोन्ही हात भरून झाले तरी ती उठली नाही. केवळाचा हात हातात धरून ती तशीच बसून राहिली. कुणीतरी तिला खांद्याला धरून उठवायला लागलं, तेव्हा ती सोनबाकडे वळली. सगळ्यांसमोर तिने सांगितलं, "हिने मला सांगितलं होतं, सोनबा. संक्रांतीला. खाल्लेलं राहत नाही म्हणाली. माझ्या हाताला कळलं होतं, तरी मी हिची थट्टा केली."

तिला वाटलं होतं सोनबा आता आपल्याला अंगणातून हाकलून देईल. त्याने तसं केलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढे आयुष्यभर वाटत राहिलं.

"मलाही सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी म्हटलं, आता कुठे बरी दिसायला लागलीस, उगाच कण्हू नकोस."

मग पाटलाची सून रडायला लागली. पाणवठ्यावर केवळाच्या हातून घागर सुटली होती, तेव्हा या सुनेनेच विचारलं होतं की बारीक व्हायच्या नादात पाणीही पीत नाहीस का. एकीला आठवलं की केवळाने पोहे कांडायला नकार दिला होता आणि आपण म्हटलं होतं, बारीक झाली तशी नाजूकही झाली. एकेक बाई असंच काहीतरी आठवून सांगत होती. केवळाने आपलं दुखणं जवळजवळ सगळ्या गावाला सांगितलं होतं. तिच्या अंगावर बोलायला प्रत्येकाला सवड होती, पण तिचं ऐकायला कुणी थांबलं नव्हतं.

पहिल्यांदा तिने भाकरी सोडली ती लोकांच्या बोलण्याने, की तेव्हाच तिची भूक दुखण्याने मारली होती, हे वैद्यालाही सांगता आलं नाही. सगुणाने त्याला दोनदा विचारलं. दुखण्यानेच, असं त्याने म्हणावं एवढीच तिची इच्छा होती. पण म्हातारा खोटं बोलणारा नव्हता.

वर्ष उलटलं. श्रावणात सगुणा पुन्हा चिंचेखाली येऊन बसली. बायका आल्या, पण आता ती खाली मान घालून बांगड्या भरायची. एक सून नुकतीच बाळंतपणातून उठली होती आणि तिला अंग धरलं होतं. जवळच्या एकीने त्यावर काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा सगुणाने मान वर न करता सांगितलं की माझ्या घोंगड्यावर हे बोलणं नको. मग तिने त्या सुनेला झोप मिळते का, अंगावर दूध पुरतं का, हे विचारलं. सून जे सांगत होती ते सगुणाने शेवटपर्यंत ऐकलं. मागे बाकीच्या खोळंबल्या होत्या, तरी तिने घाई केली नाही.

सगळ्या निघून गेल्यावर रंगू आली. ती आईच्या वळणावर गेली होती. तेच थोराड हाड, तेच भरलेले हात. ते हात तिने पदरासारख्या गुंडाळलेल्या ओढणीत झाकून घेतले होते. बसल्यावरही ती हात बाहेर काढीना. मग तिने बोटाने एका माळेकडे दाखवलं. ती माळ तिच्या मापापेक्षा दोन मापांनी लहान होती.

सगुणाने सांगितलं की या तुला बसायच्या नाहीत. रंगू म्हणाली, बसतील. संक्रांतीपर्यंत नक्की बसतील.

सगुणाने ती माळ बाजूला ठेवली. तिने हळूच विचारलं, "आज जेवलीस का?"

रंगूने ओढणी आणखी घट्ट ओढून घेतली. मग म्हणाली, "काकी, खरं सांगा. माझे हात आईसारखे आहेत ना, जाड?"

सगुणाकडे आयुष्यभर प्रत्येक हातावर बोलायला शब्द होते. या वेळी तिने आधी ओढणीतला तो हात हळूच आपल्या हातात घेतला. मग ती म्हणाली, "तुझ्या आईच्या हातांनी या गावातली सगळी लग्नं पार पडली, पोरी. त्या हातांवर बोलले ती मीच. चूक माझी होती, हातांची नव्हती."

तिने रंगूच्या मापाच्या बांगड्या काढल्या आणि एकेक करून भरल्या. रंगूने भरू दिल्या. मग सगुणाने स्वतःच्या भाकरीचं गाठोडं सोडून दोघींमध्ये ठेवलं. रंगूने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि तिसरा हातात धरून ती आपल्या मनगटाकडे बघत राहिली. तो घास तिने परत ठेवला.

सगुणाने तिला आग्रह केला नाही. उठून ती सोनबाच्या घरी गेली आणि पोरीकडे लक्ष ठेव, ती खात नाही, एवढं त्याला सांगून आली. त्यानंतर सण नसतानाही ती नदी ओलांडून यायची, रंगूजवळ बसायची, तिच्याबरोबर जेवायची. रंगू पुढे सावरली, तिचं लग्न झालं, लेकरंबाळं झाली. पण चारचौघांत पान वाढलं की पहिला घास घेण्याआधी ती आजूबाजूला कोण बघतंय ते पाहून घ्यायची. तिची ती सवय सगुणा असेपर्यंत गेली नाही, आणि नंतरही गेली नाही.

लहानांनो आणि थोरांनो, या गोष्टीतून उचलायचं ते एवढंच: कुणाचं अंग भरलं की उतरलं हे बोलून दाखवू नये, बरं आहे ना, असं विचारावं आणि उत्तर पुरतं ऐकून घ्यावं.