मास्तरांनी अडकित्ता मागितला

एकदा एक कानसेन होता. तानसेन जन्माला यावा लागतो. कानसेन घरबसल्या होता येते, आणि अलीकडे तर हप्त्यांवरही होता येते. आमच्या या कानसेनाचे नाव सदानंद. नोकरी बरी, स्वभाव सरळ, व्यसन एकच, ते म्हणजे उत्तम आवाजाचे. घराच्या पुढच्या खोलीत त्याने अ‍ॅम्प्लिफायर, टेपडेक आणि माणसाच्या कमरेइतके उंच दोन स्पीकर मांडले होते. भिंतींना जाड पडदे, दाराच्या फटींना रबरी पट्टी. एकदा आत जाऊन दार लावले की घरात कुकर शिट्ट्या देवो नाहीतर दारात कुणी हाका मारो, याला पत्ता नसे.

यंत्रे घेऊन झाली की माणूस वायरींकडे वळतो, हा या छंदाचा नियमच आहे. यंत्राबरोबर खोक्यात जी साधी काळी पॉवर कॉर्ड येते, तिला ही मंडळी हातही लावत नाहीत. सदानंदाने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याची आणली. मनगटाएवढी जाड आणली. विजेतला कचरा म्हणे गाळून घेते, अशी मध्ये डबी असलेली आणली. एकीने शांतता अधिक काळी होते असे तो मला सांगत होता. शांततेला रंग असतो हे मला तोवर माहीत नव्हते, पण सांगणाऱ्याचा चेहरा इतका प्रामाणिक होता की मी मान डोलावली.

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी होती एक कॅसेट. सदानंदाचे वडील, अण्णा, वर्षापूर्वी गेले. अण्णांच्या हयातीत या घरात गाण्याच्या बैठकी होत. सदानंद तेव्हा नोकरीसाठी परगावी असे. ऐकणे तो शिकला ते अण्णा गेल्यावर, आणि तेही लोकांशी वायरींवर वाद घालत. एका वयस्कर गायिकेची शेवटची बैठक अण्णांनी स्वतः टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून मुद्रित केली होती. अण्णा अबोल गृहस्थ. त्यांचा आवाज कुठल्याही फितीवर नाही, कुठल्याही समारंभात नाही. मागे उरला तो भिंतीवरचा एक फोटो, आणि त्यांनी हौसेने केलेली ही बैठक.

"ती बाईंची बैठक एकदा लाव ना रे," माई म्हणाल्या होत्या. माई म्हणजे सदानंदाच्या आई.

"लावतो, माई. तिच्यात मधे मधे टकटक आहे, विजेच्या लाइनमधली. ती जाऊ दे, मग ऐकवतो. अशी डागाळलेली काय ऐकायची?"

हेतू वाईट होता असे कोण म्हणेल? आईला उत्तम तेच द्यायचे, एवढाच हट्ट. पण दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळी आली. वायरी येत गेल्या, टकटक जाईना. माईंना दरम्यान डाव्या कानाने ऐकू येईनासे झाले. उजवा अजून शाबूत होता, पण तोही कुरकुर करू लागला होता. त्यांनी पुन्हा विचारले की सदानंदाचे उत्तर तयार असे, "नवी वायर येतेय." आणि त्याने मनाशी ठरवूनही टाकले होते की या खेपेला नाही गेली, तर कॅसेट एखाद्या स्टुडिओत देऊन टकटक पुसूनच आणायची. म्हणजे कटकट मिटली.

अशात एके दिवशी दोन वायरी पारखून पाहण्यासाठी घरी आल्या. एक निळी, एक काळी. एक ठेवायची, एक परत करायची. सदानंदाचे काही ठरेना, तेव्हा त्याला घैसास मास्तरांची आठवण झाली. मास्तरांनी त्याला शाळेत विजेचा धडा शिकवला होता. शिवाय ते अण्णांचे स्नेही, बैठकीत अगदी पुढे बसणारे. वय झालेले, काठी टेकत चालत, पण बुद्धी जागच्या जागी. सदानंद त्यांना स्वतः जाऊन घेऊन आला.

मास्तरांनी दोन्ही वायरी हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या, पिना दाबून पाहिल्या आणि म्हणाले, "दोन्ही चांगल्या आहेत. भार पेलतील, तापणार नाहीत, अर्थिंगची तिसरी पिन खरी आहे, सॉकेटात घट्ट बसतील. वायरीकडून आणखी काय मागायचं असतं?"

"टकटक जायला हवी, मास्तर."

त्याने निळी वायर जोडली आणि कॅसेट लावली. विलंबित ख्याल सुरू झाला. बाईंचा आवाज थकलेला, पण काय सांगावे, प्रत्येक स्वर हाताला धरून नेल्यासारखा. मास्तरांनी डोळे मिटले. सदानंद मात्र मांजर उंदराच्या बिळापाशी बसते तसा बसून होता. थोड्या वेळाने बारीक आवाज आला, टक्. त्याचा चेहरा पडला.

"ऐकलीत?"

"ऐकली," मास्तर डोळे न उघडता म्हणाले. "सगळ्या कॅसेटींत येते?"

"नाही, या एकीतच. नाजूक मुद्रण आहे ना, डाग लगेच दिसतो. आणि बैठक रंगत जाते तशी वाढत जाते. गावात दिवे लागले असणार तेव्हा, लोड वाढला असणार."

"लोड तेव्हाचा, आणि वायर आत्ताची?"

सदानंद जरा गडबडला. "यावरचे लेख वाचा मास्तर, सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं."

मास्तर हसले. सदानंदाने वायर बदलून काळी लावली. ख्याल पुढे सरकला, आणि पुन्हा टक्. मास्तरांनी आता डोळे उघडले, आणि त्यांची मुद्रा एकदम बदलली. वाट चुकलेले ओळखीचे माणूस बाजारात दिसावे, तशी. "सदा," ते म्हणाले, "ते दार उघड. आणि घरात अडकित्ता असेल तर घेऊन ये. सुपारीपण आण."

इथे वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. घैसास मास्तरांच्या तोंडात एकही दात नव्हता. कवळी त्यांना मानवली नाही. भाकरी ते दुधात कुस्करून खात. असा माणूस सुपारी मागतो म्हणजे काय म्हणायचे? सदानंदाला वाटले, वय बोलतेय. पण गुरूचा शब्द, म्हणून तो उठला. त्याने दार उघडले आणि स्वयंपाकघरात गेला. माई वाल सोलत बसल्या होत्या.

"अडकित्ता? कुणाला हवाय?"

"मास्तरांना."

माईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले. मग हात पुसून फडताळातले पानाचे तबक काढले, अण्णांचा पितळी मुठींचा अडकित्ता पदराने पुसला आणि दिला. तबकासकट सुपारीही दिली.

"आता फीत पहिल्यापासून लाव," मास्तर म्हणाले. सुपारी त्यांनी अडकित्त्याच्या पात्यांत धरली, हात मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. बाईंनी मुखडा घेतला, ठेका संथ चालीने पुढे निघाला. तालाचे आवर्तन वळसा घेऊन पुन्हा पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर आले, आणि नेमक्या त्याच जागी मास्तरांनी मूठ आवळली. कट्. सुपारीची खाप तबकात पडली.

सदानंद वैतागला. "मास्तर, तुमच्या अडकित्त्याच्या आवाजात मला टकटक ऐकू आली नाही."

"नाही आली? बरं. पुढच्या वेळी बघ."

पुढचे आवर्तन फिरून आले. मास्तरांनी पुन्हा समेवर सुपारी कातरली. एकच आवाज झाला. त्याच्या मागेपुढे काही नाही. तिसऱ्या वेळीही तसेच. सदानंदाचे डोळे चमकले. "मास्तर, गेली वाटतं. ही काळी वायरच खरी. हीच ठेवतो."

मास्तरांनी अडकित्ता तबकात ठेवला आणि रिकामे दोन्ही हात सदानंदाला दाखवले. गाणे चालूच होते. सदानंद पहिल्यांदाच त्यांच्या हातांकडे पाहत, त्यांच्या बोटांच्या हालचालीबरोबर मात्रा मोजू लागला. बाई सगळा विस्तार आवरून घेत मुखड्यावर आल्या, तबल्याने त्यांना समेवर आणून सोडले, आणि स्पीकरमधून आवाज आला, टक्.

तेवढ्यात दारात माई आल्या. सोललेल्या वालांचे भांडे त्यांच्या हातात तसेच होते. उजवा कान खोलीकडे करून त्या उभ्या राहिल्या, आणि पुढच्या समेला तो आवाज आला तेव्हा म्हणाल्या, "हे कातरतायत."

सदानंदाने उठून त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या, पण भांडे खाली ठेवायचे त्यांना सुचले नाही.

"मला कुठलं गाणं कळायचं," त्या सांगू लागल्या. "बैठक असली की मी आत. चहाची पातेली, पोह्यांच्या बशा. बाहेर येऊन बसायची सोयच नसायची. पण ह्यांचा अडकित्ता वाजला की समजायचं, आली सम. तेवढ्यापुरता हात थांबवायचा आणि ऐकायचं. असं करता करता कळायला लागलं. लग्नाआधी मला ताल म्हणजे टाळ्या वाजवायच्या एवढंच ठाऊक."

मास्तर म्हणाले, "वहिनी, अण्णा सुपारी खायचा का हो?"

"छे. त्यांना ठसका लागायचा. पाहुण्यांसाठी कातरत असत."

"पाहुण्यांसाठी कातरलेली सुपारी बाजारात मिळते. मी त्याला एकदा रागावलो होतो. म्हटलं, स्वतः खात नाहीस, मग गाण्यात ही कटकट कशाला करतोस? सुपारीवर पातं टेकवून बसायचा आणि समेची वाट बघायचा. तो कधी बोलायचा नाही, पण त्या दिवशी बोलला. म्हणाला, आत एकजण बसलीय. तिला इथं येऊन बसता येत नाही. निदान सम तरी तिच्यापर्यंत जाऊ दे."

माईंनी भांडे खाली ठेवले. तबकातली मास्तरांनी कातरलेली खाप उचलून त्यांनी मुठीत धरली. "मला एका शब्दानं सांगितलं नाही कधी," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका आनंदी सदानंदाने वर्षभरात पाहिला नव्हता.

सदानंदाला रडू आले आणि त्याने ते लपवले नाही. "माई, मी ते पुसून आणणार होतो."

"मग तुझ्या वायरींनी उशीर केला तेवढं बरंच केलं म्हणायचं," माई म्हणाल्या.

मास्तर शाळेत बोलत तसे शांतपणे बोलले. "सदा, वीज आंधळी असते. तिला सम कळत नाही. जे नेमकं समेवर येतं ते कुणीतरी केलेलं असतं, आणि कुणासाठी तरी केलेलं असतं. एक आवर्तन जरी तू हातावर धरलं असतंस तरी तुला हे पहिल्या दिवशी उमगलं असतं. पण तू गाणं ऐकत नव्हतास, खोट ऐकत होतास. आणि सगळ्यांत मोठी चूक ती नव्हे. निर्दोष झाल्यावर ऐकवीन म्हणून तू दार लावून बसलास. या घरात ओळखणारा कान एकच होता, आणि तो तू दाराबाहेर ठेवलास."

सदानंदाने फक्त विचारले, "मग वायर कोणती ठेवू, मास्तर?"

"मला काय विचारतोस? वहिनी कुठे बसतात ते बघ आणि माप घे."

दुसऱ्या दिवशी सदानंदाने निळी परत केली आणि काळीही परत केली. मग तो बाजारपेठेतल्या विजेच्या साध्या दुकानात गेला आणि एक वायर बनवून घेऊन आला. भार पेलेल इतकी जाड, तिसरी पिन घट्ट, आणि भरपूर लांब. टेपडेक आणि स्पीकर आता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी असतात. तिथल्या भिंतीत सॉकेट नाही, म्हणून वायर पुढच्या खोलीतून आणावी लागते. ती दारातून जाते, त्यामुळे ते दार आता लागत नाही.

परवा मी गेलो होतो तेव्हा बैठक चालू होती. माई वाल सोलत होत्या आणि समेला त्यांचा हात थांबत होता. सदानंदाने मला खूण केली, म्हणाला, "आता ऐका हं." आपणही कधी वायर घ्यायला निघालो, तर घरात कोण कुठे बसते ते आधी पाहून निघावे.