कोकजेसाहेबांचा शेरा

वडजाईच्या शाळेत तपासणीला आलेले विस्तार अधिकारी कोकजेसाहेब वर्गातल्या एकुलत्या एका खुर्चीत बसले आणि त्यांनी सातवीच्या पोरांना इंग्रजी व्याकरणातल्या इन्फिनिटिव्हची व्याख्या विचारली. फरशीवर बसलेल्यांपैकी एकाचंही तोंड उघडेना.

"बाई, शिकवता काय तुम्ही? आता तुम्हीच सांगा. नाही आली, तर तसा शेरा मारतो आणि तुमच्या बदलीची शिफारस करतो."

इंग्रजी शिकवणाऱ्या धोंगडेबाईंनी शेजारी उभ्या मुख्याध्यापकांच्या हातातलं शेरेबुक घेतलं आणि साहेबांनीच लिहिलेले शेरे फळ्यावर उतरवले. 'टू रिपेअर द रूफ.' 'टू प्रोव्हाइड बेंचेस.' चार वर्षं, दरवर्षी हेच. छपराच्या भोकातून आलेलं ऊन नेमकं फळ्यावर पडलं होतं.

"पोरांनो, हे कोण करणार, ते लिहिलंय का?"

"नाही, बाई."

"आणि कधी करणार?"

"नाही, बाई."

"साहेब, ज्यात काम असतं, पण करणारा नसतो आणि काळही नसतो, ते इन्फिनिटिव्ह. पोरांना व्याख्या पाठ नाही, पण चार पावसाळे त्यांनी ती अंगावर झेलली आहे."

साहेबांनी मान वर करून छपराच्या भोकाकडे पाहिलं.

बाईंनी शेरेबुक उघडून साहेबांच्या पुढ्यात ठेवलं, त्यावर पेन ठेवलं.

"आता हीच वाक्यं करणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून लिहा. पोरांना फरक कळू दे."