सातचं डोकं

“सातचं डोकं कुठं गेलं?” भंतेंनी विचारलं.

प्रशील शर्टाची बाही दुमडू लागला.

“तुला विचारतोय.”

“गेलं नाही, भंते. जळलं.”

“कुणी जाळलं?”

प्रशीलनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काहून बोलू? माझ्या हातात वरणाचं पातेलं होतं. भरलेलं, थंडगार, वर साय धरलेलं. तोंड उघडलं असतं तर पातेलंच त्याच्या डोक्यावर पालथं केलं असतं.

आता हे सातचं प्रकरण काय ते आधी सांगते.

आमचं गाव कोळशाच्या खाणीचं. गावात विहार आहे, विहारात भंते उपसेन राहतात. वय झालं आहे, अंगात साखरेचा आजार. दिवसातून एकदाच जेवतात, आणि तेही बारा वाजायच्या आत. बारा वाजून गेले की अन्नाचा कण नाही, थेट दुसऱ्या दिवशी. भिक्खूंचा नियमच आहे तो. स्वयंपाक माझ्याकडे. म्हणजे माझा सगळा जीव घड्याळात.

विहारात एक साधं घड्याळ होतं. टकटक करायचं, पण चालायचं.

प्रशील खोब्रागडे गावचाच पोरगा. नागपूरला इंजिनियर झाला, मोठ्या पगाराला लागला. पगारानं पोट भरतं, डोकं भरत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी कबाडीकडून जुनी यंत्रं आणतो आणि फोडतो. त्यात त्याला काचेचे चार आकडे सापडले. चपटे, पापडासारखे. प्रत्येकात सात रेघा, हव्या त्या पेटवल्या की हवा तो आकडा दिसतो. आत तार नाही, ज्योत नाही, हात लावला तर गरम नाही, आणि तरी हिरवे उजळतात. आता असे बनत नाहीत म्हणे. त्यानं त्यांचं घड्याळ केलं आणि विहाराला दिलं. टकटकीनं ध्यान मोडतं, म्हणाला. जुनं घड्याळ उतरवलं आणि मला न विचारता अंगणवाडीला देऊन टाकलं.

नवीन घड्याळ टकटक करत नव्हतं. ते डासासारखं गुणगुणत होतं. चोवीस तास.

मी बोलले तर म्हणाला, ताई, तो करंटचा आवाज आहे, तुम्हाला नाही कळायचं.

बरं बापा, नाही कळायचं.

तर त्या दिवशी मी वाढायला बसले, वर पाहिलं. अकरा एक्कावन्न. म्हटलं, नऊ मिनिटं आहेत, पोळ्या गार झाल्यात, तव्यावरून काढून आणते. आणल्या. पहिली पळी वरणाची उचलली आणि खाणीचा बाराचा भोंगा वाजला.

भंतेंनी पात्रावर हात ठेवला. तळवा उपडा, झाकणासारखा.

मी म्हटलं, घड्याळात अजून बारा नाहीत. भोंगेवाल्याची घाई झाली असेल.

भंतेंनी हात काढला नाही.

मग नीट पाहिलं. शेवटच्या आकड्याची वरची आडवी रेघ पेटतच नव्हती. बाकीचे आकडे त्या रेघेशिवायही ओळखू येतात, पण इंग्रजी सातचं डोकं गेलं की उरतो एक. अकरा सत्तावन्नला मी अकरा एक्कावन्न वाचलं होतं. तीन मिनिटांची नऊ झाली होती, आणि भंते उपाशी होते. सकाळची साखरेची गोळी पोटात गेलेली. वर अन्न नाही.

त्याच दिवशी प्रशील गावात आला होता, कारण रविवारी घड्याळाचा कार्यक्रम ठेवला होता. पाहुणे, हार, फोटो. मी त्याला कार्यक्रमाच्या मंडपातून उठवून आणलं. कसं आणलं ते विचारू नका.

तर भंतेंनी विचारलं, कुणी जाळलं.

“जोर जरा जास्त झाला, भंते.”

“कसला जोर?”

इथं प्रशील खुलला. असं काही विचारलं की तो खुलतोच. म्हणाला, हे आकडे साध्या दिव्यासारखे नाहीत. बॅटरीचा करंट जोडला तर नुसते बसून राहतात. यांना मोठ्या दाबाचा करंट लागतो, आणि तोही उलटसुलट. एकदा इकडून, लगेच तिकडून. सेकंदात शेकडो वेळा. बऱ्याच जणांना हे जमत नाही, म्हणाला. त्याला जमलं होतं.

“म्हणजे दिला की उजेड पडतो?”

“नुसता देऊन नाही. दिला की परत घ्यावा लागतो. मग पुन्हा द्यायचा.”

“आणि परत न घेता नुसताच देत राहिलं तर?”

“उजेड पडत नाही. आकडा मरतो.”

“देत राहिलं तर मरतो...”

“हो. पण मी तशी चूक करीन का, भंते? माझं देणं-घेणं अगदी सारखं होतं. मोजून.”

मी भंतेंना ग्लासात लिंबूपाणी दिलं. दुपारनंतर तेवढं चालतं.

“मग मेला कशानं?”

प्रशील खाली पाहायला लागला.

मी सांगितलं मग. घड्याळाखाली पट्टी आहे ना, तिच्याबद्दल विचारा त्याला.

आकड्यांच्या खाली त्यानं एक लांब पट्टी बसवली होती. तशाच उजेडाची, हिरवी. तिच्यावर अक्षरं: सप्रेम भेट, इंजि. प्रशील खोब्रागडे, नागपूर. लोक पंख्याच्या पात्यावर नाव रंगवतात, बाकड्यावर कोरतात. यानं पेटवलं होतं.

“पट्टी मोठी की आकडे?” भंतेंनी विचारलं.

“पट्टी.”

“किती?”

प्रशीलनं दोन्ही हात फाकवले. मग लाज वाटून थोडे जवळ आणले. मी पातेल्यावर पळी आपटली, तसे पुन्हा होते तिथं नेले.

“दोघांना करंट एकच?”

“एकच मशीन आहे, भंते. पट्टी जोडली तर आकडे मंद व्हायचे. उजेड वाटला जातो ना. म्हणून मी पेच आवळला. जोर वाढवला. मग दोन्ही झकास दिसायला लागले. समोरच्या चहाच्या टपरीवरून वाचता यायचं.”

“काय वाचता यायचं?”

प्रशीलनं दारातून टपरीकडे पाहिलं.

“वेळ?”

“... नाव.”

“टपरीवरचा माणूस मला वाढतो का?”

प्रशीलनं दुसरंच काढलं. घड्याळ नागपूरला घेऊन जातो, म्हणाला. असा आकडा आता मिळणं मुश्कील, पण शोधतो. कुठं परदेशात कुणाच्या माळ्यावर पडला असेल. दोन-चार महिने लागतील. रविवारपुरती मात्र भिंतीवर पट्टी तेवढी राहू द्या, कार्यक्रम ठरला आहे.

माझं टाळकं सटकलं. म्हटलं, पट्टी बघून जेवतील का ते? आत्ताच्या आत्ता अंगणवाडीत जाते आणि जुनं घड्याळ काढून आणते.

“पोरांना दिलेलं परत आणू नका,” भंते म्हणाले.

“मग उद्या वेळ कशात पाहू? तुमच्या तोंडाकडे?”

भंते हसले. मी चिडून बोलले की हे हसतात, आणि मग माणसानं कुठं जावं.

प्रशील स्टुलावर चढला. शेवटचा आकडा हातानं पुसला, जसं काही धूळ बसली होती. म्हणाला, हा आता भंगार. एक रेघ गेली की आकडा कशाच्याच कामाचा नाही.

भंतेंनी ग्लास उचलला होता. तो तसाच धरून ते घड्याळाकडे पाहत राहिले.

“त्या चौघांत डोकं कोणाला लागत नाही?”

“सगळ्यांना लागतं, भंते.”

“बघ.”

“सगळ्यांनाच... शून्य, दोन, तीन... वरची रेघ सगळ्यांना...”

“मी आकडे नाही विचारले. जागा विचारल्या.”

प्रशील स्टुलावर उभा. घड्याळात तेव्हा पावणेतीन झाले असतील. त्याचं बोट शेवटच्या जागेवरून तिसऱ्या, तिसऱ्यावरून दुसऱ्या, असं सरकत गेलं आणि पहिल्यापाशी थांबलं. पहिली जागा विझलेली होती. दहा वाजेपर्यंत ती विझलेलीच असते. दहा, अकरा, बाराला पेटते, तेव्हाही तिच्यात एकच येतो. दुसरं काही कधी येतच नाही.

“इथं,” तो हळूच म्हणाला. “इथं फक्त एक लागतो. याची वरची रेघ आजवर पेटलीच नाही. अगदी कोरी आहे.”

“मग?”

“मग... हा चांगला काढून शेवटी लावायचा. आणि मेलेल्याला इथं बसवायचा.”

“बसव.”

“सगळ्यांच्या पुढं? पहिल्या जागेवर?”

“तिथं डोकं लागत नाही, असं तूच म्हणालास.”

प्रशीलनं घड्याळाची वायर काढली, थोडा वेळ थांबला. आतला करंट मुरू द्यावा लागतो म्हणाला, नाहीतर वायर काढलेली असतानाही झटका देतो. असलं यंत्र यानं भंतेंच्या डोक्यावर टांगलं होतं. मग घड्याळ जमिनीवर उपडं घालून बसला. मला वाटलं होतं, पाच मिनिटांचं काम. तासाच्या वर लावला. काचा पातळ, तारा केसासारख्या. घाम गळत होता आणि तो घाम काचेवर पडू नये म्हणून दर वेळेला मान बाजूला. पाण्याचा थेंब आत गेला तरी हे आकडे मरतात म्हणे. एवढी नाजूक जात, आणि हा पेच आवळत होता.

आकडे अदलाबदल झाले. त्यानं पेच मागं फिरवला, घड्याळ लावलं.

नाव फिकट. आकडेही फिकट. मी चुलीपाशी उभी राहून पाहिलं, मला दोन्हीतलं काही वाचता येईना.

“नाही दिसत,” मी म्हटलं.

“थोडा जोर देऊ का?”

“दे आणि अजून एक जाळ.”

त्यानं भंतेंकडे पाहिलं. भंतेंचे डोळे मिटलेले. ते ग्लास ओठांशी नेत होते आणि हात इतका हलला की लिंबूपाणी चिवरावर सांडलं. त्यांनी डोळे न उघडताच कापडाचा ओला भाग मुठीत धरला आणि राहिलेलं पाणी प्यायले.

प्रशील बघत होता.

त्यानं कात्री घेतली. पट्टीला जाणारी तार बोटात धरली. बराच वेळ धरून बसला... मग कापली.

नाव गेलं. आकडे एकदम भडकले, कारण सगळा उजेड त्यांच्याच वाट्याला आला. त्यानं झटकन पेच आणखी मागं घेतला. मागं, अजून मागं. गुणगुण कमी झाली. आकडे पाणीदार हिरवे झाले, शांत. मला चुलीपासून वाचता येत होते. दारातून मात्र नाही. टपरीवरून तर नाहीच.

भंतेंनी डोळे उघडले की नाही, मी पाहिलं नाही. मी वरण गायीला घालायला गेले होते.

दुसऱ्या दिवशी प्रशील लवकर आला. आज मी वाढतो, म्हणाला. म्हटलं, वाढ. माझ्या ताब्यातली पळी मी कोणाला देत नाही, पण दिली.

अकरा सदतीसला आम्ही दोघंही वर पाहत होतो. सात आला. डोक्यासकट. पुढं पहिल्या जागेवर तो मेलेला आकडा आपला एक दाखवत उभा होता, आणि तो मेलेला आहे हे कोणाला सांगूनही खरं वाटलं नसतं.

भंते बसले. पात्र पुढं ठेवलं. काल सकाळपासून पोटात पाणी आणि गोळ्या, डोळे आत गेलेले.

प्रशीलनं वरणाची पळी भरली, पात्रावर नेली आणि तिथंच थांबला.

“भंते, एक विचारू?”

भंते पात्राकडे पाहत होते.

रविवारचंच होतं त्याचं. लोक येणार, घड्याळ बघणार, कुणी दिलं विचारणार. पट्टी काढली ते बरंच झालं, त्याचं काही म्हणणं नाही. उजेड नको. पण खाली एखादी साधी पाटी, रंगानं लिहिलेली, अगदी लहान, नागपूर नको, इंजि. पण नको, नुसतं नाव...

पळीतून वरण ठिबकत होतं, मी सकाळी पुसलेल्या फरशीवर. पळी हवेत, पात्र रिकामं. वर शेवटचा आकडा बदलला. पुन्हा बदलला.

“... म्हणजे तुम्ही म्हणाल तिथं, भंते. कुठं लावू?”

भंतेंनी मान वर केली.

“वाढतोस, की नाव सांगतोस?”