बिनमालकाचा मणी

एका राज्यात, जिथे पक्षी माणसांशी बोलत आणि वृक्ष वाटसरूंना वाट दाखवीत, तिथे राजा धैर्यसेन नांदत होता. त्याचा उजवा हात दगडाचा होता. राणीशी सप्तपदी झाली, तिचा चंद्रमणी राजाच्या मालकीचा झाला, आणि त्याच क्षणी हात दगड झाला.

तो शाप काळभस्म मांत्रिकाचा. त्याला राणीच्या माहेरचा तो मणी हवा होता, तो मिळाला नाही म्हणून गरजला होता, "हा मणी जिच्याकडे असेल त्या लेकीशी जो लग्न करील, तो मण्याचा मालक होईल आणि त्याचा हात दगड होईल!" मणी टाकून देण्याची सोय नव्हती. राज्यातले झरे त्याच्याच तेजाने वाहत.

राणीमागे मणी रीतीप्रमाणे तिची लेक राजकन्या मृणालवतीकडे आला. तिचे मन राजपुत्र सुकेतूवर जडले होते. तिने त्याला सारे खरे सांगितले.

सुकेतू म्हणाला, "मणी मला नको. तुझा हात धरायला माझा हात तेवढा शाबूत हवा."

हळद लागण्याआधीच मृणालवती रानात गेली. तिथे उंबरावर मोठ्या पिवळ्या चोचीचा वृद्ध धनेश पक्षी राहत असे. मादी ढोलीत अंडी उबवत असता स्वतः उपाशी राहून तिला भरवणारी ही जात!

"धनेशा, हा मणी आजपासून माझा नाही," ती म्हणाली. "झऱ्यांसाठी, माझ्यासाठी, माझ्या लेकरांसाठी तू तो राख, पण मालक होऊ नकोस."

"तुझ्या नवऱ्याने मागितला तर?"

"देऊ नकोस."

"तू मागितलास तर?"

मृणालवतीने मणी त्याच्यापुढे धरला. "तरी देऊ नकोस."

धनेशाने मणी ढोलीत ठेवला आणि चिखलाने ढोलीचे तोंड लिंपून टाकले.

लग्न लागले. सातवे पाऊल पडताच मांडवात थंडगार वारा घुसला. शाप मालक शोधत आला होता! तो सुकेतूभोवती फिरला, मृणालवतीभोवती फिरला, आणि कुणीच सापडेना म्हणून बाहेर निघून गेला. सुकेतूने हात वर केला. बोटे हलत होती! वऱ्हाडी आनंदाने ओरडले.

काळभस्म खवळला. जवाहिऱ्याच्या वेषात तो उंबराखाली आला. "पक्षिराज, सोन्याचे घरटे देतो."

"माझी ढोली मला पुरते," धनेश म्हणाला.

मग तो सुकेतूचे रूप घेऊन आला. "बायकोचे ते माझे. दे मणी!"

"लग्नाआधीच तो तिचा उरला नव्हता. जा!"

तेव्हा मांत्रिकाने खऱ्या सुकेतूलाच पकडले. काटेरी वेली त्याच्या गळ्याभोवती आवळल्या. मृणालवतीला तो म्हणाला, "मणी आण, नाहीतर नवरा गेला!"

मृणालवती धावत सुटली. पायांत काटे रुतले, पदर फाटला. "धनेशा, मीच आहे! खरी मीच! मणी दे!"

"तू खरी आहेस हे मी ओळखले," धनेश म्हणाला. "तरी देणार नाही."

"दगडाच्या काळजाचा तू! तो मरेल रे!"

पक्ष्याचे डोळे भरून आले. पण तो ढोलीपुढून तसूभरही हलला नाही.

तिच्यामागून आलेल्या काळभस्माला आता दम धरवेना. त्याने धनेशाला झटकले, चिखल फोडला, मणी मुठीत घेतला आणि आनंदाने किंचाळला, "मी मालक! मणी माझा!"

भटकणाऱ्या शापाने ते ऐकले.

सोसाट्याचा वारा आला. देणाऱ्यावरच उलटलेला शाप हातावर थांबला नाही; मांत्रिकाची बोटे दगड झाली, मग खांदा, मग हसरे तोंड. मणी मुठीतून निसटला आणि धनेशाने चोचीत झेलला. तिकडे वेली वाळून गळून पडल्या आणि सुकेतूने मोकळा श्वास घेतला. राजवाड्यात धैर्यसेनाच्या हातातून रक्त धावू लागले.

मृणालवतीने धनेशाचे विस्कटलेले पंख सारखे केले. "रागावून बोलले मी."

"बोलावेसच तू," धनेश म्हणाला. "जीव होता ना तुझा त्याच्यात!"

इतक्यात सुकेतू धावत पोचला. मण्याकडे त्याने पाहिलेही नाही. तिच्या पायांतले काटे काढायला तो खाली बसला.

त्या राज्यातले झरे कधी आटले नाहीत. ऐकणाऱ्यांच्या दारचे पाणीही न आटो.