पट्टीचा मध्य

"मग पट्टी तुटली कशी?" उस्ताद बाबालाल मुजावरांनी विचारलं.

"पार्टच खराब निघाला, उस्ताद." प्रफुल्ल हेरवाडे म्हणाला. "कंपनीचा दोष."



मिरजेच्या या गॅरेजात प्रफुल्लला सात वर्षं झाली होती. हल्ली गिऱ्हाइकं उस्तादांना सोडून त्यालाच हाक मारत. ते त्याला आवडायलाही लागलं होतं.

काल विमलताई कोष्टी त्यांची व्हॅन घेऊन आल्या होत्या. खेड्यापाड्यांतले डायलिसिसचे पेशंट दवाखान्यात आणणारी व्हॅन. स्टिअरिंगचं चाक सरळ असलं की हॉर्न वाजायचा, वळवलं की मुका. एअरबॅगचा दिवा पेटलेलाच. दुसऱ्या कुणी हॉर्नच बदलला असता. प्रफुल्लनं स्टिअरिंग दोनदा फिरवलं आणि सांगून टाकलं, "क्लॉक स्प्रिंग गेलीय."

बरोबर होतं ते. स्टिअरिंगच्या चाकाखाली घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली एक चपटी पट्टी असते. हॉर्नचा, एअरबॅगचा करंट तिच्यातूनच जातो. चाक फिरेल तशी ती उलगडते, मिटते. म्हणून ती बरोबर मध्यावर धरून बसवायची असते, नाहीतर एका बाजूला ताणून तुटते. प्रफुल्लनं तासाभरात नवी बसवून दिली.

आज सकाळी दवाखान्याच्या बोळात विमलताईंनी चाक पुरतं वळवलं आणि आत कट्कन आवाज झाला. समोर सायकलवाला. हॉर्न वाजेना. ब्रेक लागला म्हणून निभावलं. मागं तीन पेशंट बसलेले होते.

त्यांना उतरवून विमलताई तडक गॅरेजात आल्या होत्या.

उस्तादांनी नव्या पट्टीचा खोका पुढं केला. "घाल."

प्रफुल्लनं बॅटरीची वायर काढली आणि लगेच पाना उचलला. उस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

"वायर काढलीय, उस्ताद."

"काढलीस. आतला करंट लगेच जात नाही. एअरबॅग तोंडावर फुटेल. बस दहा मिनिटं."

दोघं बाकड्यावर बसले. विमलताई व्हॅनला टेकून उभ्या होत्या.



प्रफुल्लला कालची दुपार आठवत होती. नको म्हटलं तरी आठवत होती.

"उस्ताद... पार्ट चांगला होता."

उस्तादांनी त्याच्याकडे मान वळवली.

"पट्टी मधोमध धरून ठेवणारी पिन मी आधीच उपटली. मग फोन आला. बोलता बोलता पट्टी हातात फिरली. मला कळलं होतं... म्हटलं, चालून जाईल."

"किती फिरली?"

"नाही सांगता येत."

विमलताईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्याकडे बघायचं त्याचं धाडस झालं नाही.

दहा मिनिटं झाल्यावर प्रफुल्लनं स्टिअरिंग उतरवून तुटलेली पट्टी काढली. उस्ताद उठले. खोक्यातून नवी पट्टी काढली, पिन उपटली, आणि पट्टी दीड-दोन वेढे गर्रकन फिरवून त्याच्या हातात दिली.

"आता घाल."

"उस्ताद! मध्य गेला की हिचा!"

"गेला."

 प्रफुल्ल बोटांच्या टोकांनी ती हलकेच एका बाजूला फिरवू लागला. अडली. त्यानं जोर केला नाही. उलट फिरवली, वेढे मोजत. पाचव्या वेढ्याला पुन्हा अडली. तिथून अडीच वेढे मागं आला. भरवसा वाटेना, म्हणून सगळं पुन्हा केलं. तेव्हाही अडीचच. खाली वाकून पुढची चाकं सरळ आहेत ना ते बघितलं, आणि मगच पट्टी बसवली.

सगळं जागच्या जागी लागलं. बॅटरी जोडली. दिवा विझला. स्टिअरिंग या टोकाला नेलं, हॉर्न वाजला. त्या टोकाला नेलं, वाजला.

विमलताई मात्र उस्तादांकडे वळल्या. "चाचा, झालं म्हणून कालपण यांनीच सांगितलं होतं. पेशंट बसवू का मी आता?"

उस्ताद फडक्याला हात पुसत म्हणाले,

"काल याला सगळं येत होतं, ताई. आज यानं दोनदा मोजलं. बसवा."